पाचवर ठेवलेला टॅप

बसमध्ये राहायला जायचं ठरलं तेव्हा मी एकच विचारलं, देव कुठे ठेवायचे? बाकी सगळ्यांच्या जागा ह्यांनी आधीच ठरवून टाकल्या होत्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे कलर टीव्ही, त्याच्या खाली व्हीसीआर, मग फ्रीज, मग आमची झोपायची फळी आणि अगदी मागच्या दाराशी माझा स्टोव्ह आणि चार डबे. देवांचं नाव त्या नकाशात नव्हतं. "देवांना करंट लागत नाही ना, म्हणून राहिलं," असं म्हणाले. आमचे हे, म्हणजे दिनानाथ, बावीस वर्षं मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. जिला वायर जात नाही ती वस्तू ह्यांच्या नजरेत भरत नाही. माझ्यासकट.

बस आमच्याच मिलची. साहेब लोकांना सकाळी शहरातल्या स्नेहलतागंजातून घेऊन यायची आणि संध्याकाळी सोडून यायची. मिल बंद पडली, साहेब पांगले, बस पिंपळाखाली उभी राहून गंजली आणि शेवटी भंगारात निघाली, तेव्हा ह्यांनी ती पदरात पाडून घेतली. मी म्हटलं, लोक उतारवयात मांजर पाळतात, तुम्ही बस पाळा. पण चौऱ्याण्णव साली त्या बसचं नशीब उघडलं आणि थोडंफार माझंही. स्नेहलतागंजात शरच्चंद्रजींचं रेडिओचं जुनं दुकान होतं. एकाएकी बाजारात नव्या नव्या कंपन्यांचा माल यायला लागला होता आणि तो गावोगाव नेऊन दाखवणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. हातोद, देपालपूर, सांवेर, जिथे बाजार भरेल तिथे बस लावायची, लोकांना टीव्ही दाखवायचा, फ्रीजमधलं गार पाणी पाजायचं, बसमध्येच राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं गाव गाठायचं. पहिला मुक्काम मंगळवारी, हातोदला.

मला त्या टीव्हीशी काही देणंघेणं नव्हतं. मला बाहेर पडायचं होतं.

आमची क्वार्टरं मिलच्या भिंतीच्या आत होती. चौसष्ट घरं, दोन पुरुष उंच भिंत, वर काचा रोवलेल्या, आणि यायला-जायला एकच फाटक. मिल चालू होती तेव्हा त्या भिंतीचं कधी काही वाटलं नाही. दिवसाला तीन भोंगे, हजारो माणसांची ये-जा, लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, आवाजाने ताटातली वाटी थरथरायची. मग एक दिवस आवाज थांबला आणि भिंत तेवढी राहिली. बायका अंगणात बसून भिंतीकडे बघायच्या. पुरुष फाटकापर्यंत जायचे, नोटीस वाचायचे, परत यायचे. ज्यांची मुलं कमावती होती ते गेले, उरलेले हिशेब मिळेल आणि मिल चालू होईल या आशेवर तसेच बसून राहिले. खरं सांगते, मला कोंडल्यासारखं व्हायचं. दुपारी कधीकधी उगाच उठून फाटकाबाहेर दहा पावलं जाऊन परत यायची, नुसतं आपल्याला जाता येतं की नाही ते बघायला.

आणि आता ते फाटकही जाणार होतं. कोर्टाच्या माणसाने नोटीस लावली होती. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मोठं फाटक सील होणार. माणसांसाठी बाजूचं छोटं दार राहील, पण आतली गाडी आतच. म्हणजे सोमवारी पाचच्या आत, सगळा माल ठणठणीत चालू स्थितीत घेऊन बस बाहेर निघायला हवी होती. नाहीतर शरच्चंद्रजी तो माल उचलून दुसऱ्या कोणाच्या मॅटाडोरमध्ये ठेवणार होते. तसं त्यांनी गोड बोलून, चहा पाजून, दोनदा सांगितलं होतं.

ह्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती ती व्होल्टेजची.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते, म्हणून सांगते. आमच्या क्वार्टरांना लाइट मिलच्याच सबस्टेशनातून यायची. मिल चालू असताना सगळी ताकद लूम ओढून घ्यायचे आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. संध्याकाळी बल्ब इतके पिवळे व्हायचे, की तांदळातला खडा दिसायचा नाही. म्हणून प्रत्येक घरात बूस्टर. लोखंडी डबा, समोर एक काटा आणि शून्य ते पाच आकड्यांची एक कळ. कळ फिरवली की घरातलं व्होल्टेज चढायचं. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा, हात जोडायचे आणि त्याच हाताने बूस्टरची कळ पाचवर न्यायची. चौसष्ट घरांत एकाच वेळी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन्ही गोष्टी एकदमच शिकवल्या, आणि कितीतरी वर्षं मला वाटत होतं की हा दिवा लावण्याचाच भाग आहे.

मिल बंद पडली आणि सगळं उलटलं. लूम ओढेनात, तर व्होल्टेज चढून बसलं. बल्ब पांढरेफटक जळायचे आणि फट्‌कन जायचे. एखादा बल्ब महिनाभर टिकला तर शेजारणी बघायला यायच्या. पलीकडच्या सखुबाईंचा रेडिओ जळला, कोणाचा पंखा गेला, कोणाची इस्त्री. ज्याच्या घरी जळेल त्याच्या घरी हे स्वतः अवजारं घेऊन जायचे, दुरुस्त करून यायचे, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. ह्यांनीच घरोघरी जाऊन बूस्टर शून्यावर आणून वर काळी चिकटपट्टी मारली होती. मला वाटायचं, स्वभावच भला आहे.

तर असली लाइन, आणि त्या लाइनवर आमची बस. बॅटऱ्या चार्ज व्हायला हव्यात, फ्रीज चालवून बघायला हवा, म्हणून सबस्टेशनापासून पिंपळापर्यंत ह्यांनी केबल ओढली आणि बसच्या दाराशी एक फळा उभा केला. त्याच्यावर मीटर, दोन फ्यूज आणि स्वतः बनवलेली एक रिले. लाइन दोनशे ऐंशीच्या वर गेली की ती खट्‌कन आवाज करून बसची लाइट तोडायची. आठ दिवस हे त्या फळ्यासमोर स्टूल टाकून बसले होते. जेवणसुद्धा तिथेच.

"देख मनोरमा," मला समजावायचे, "आत्ता काटा दोनशे सत्तरवर आहे. एवढं माल झेलतो. त्याच्या वर गेलं की रिले आहे. बाहेरून काही आत येऊ शकत नाही, समझी?"

"आणि आतलं बाहेर कधी जाणार?" मी म्हणायचे. ह्यांना ते ऐकू यायचं नाही.

बसमध्ये एक बूस्टरही होता, आमच्याच घरातला. हातोदला व्होल्टेज कमी असतं, तिथे लागेल म्हणून फ्रीजशेजारी ठोकला होता. हलवताना त्याच्यावरची काळी पट्टी निघाली आणि नवी मारायची राहून गेली.

शनिवारी मी घर बसमध्ये हलवलं. क्वार्टरात होतंच काय, दोन फेऱ्यांत आटोपलं. देवांसाठी मी टीव्हीच्या बाजूच्या खिडकीत फळी ठोकून घेतली, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक मांडला. तिन्हीसांज झाली. हे खाली फळ्याशी बसले होते, टीव्ही तपासायला म्हणून चालू ठेवला होता. बाई काहीतरी बातम्या सांगत होती. मी दिवा लावला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, खिडकीतून पिंपळ दिसत होता, आणि हेच घर परवा दुसऱ्या गावात असणार, तिथल्या खिडकीतून दुसरं काही दिसणार. हात जोडले. आणि त्याच हाताने बूस्टरची कळ पाचवर नेली.

मी केलं हे मला कळलंसुद्धा नाही. टीव्हीतली बाई एकदम पांढरी झाली, मग पाठीमागे टाळी वाजावी तसा आवाज झाला. फ्रीज गुरगुरला आणि गप्प झाला. जळक्या वार्निशचा वास बसभर पसरला. सीटखाली बॅटऱ्यांचा चार्जर होता, त्यातून धूर यायला लागला.

हे धावत वर आले. आधी फळ्याकडे वळून बघितलं, रिले जागच्या जागी होती, काटा दोनशे सत्तरवर. ह्यांना कळेना की एवढं व्होल्टेज आत आलं कुठून. मग माझा हात अजून कळीवर होता, तो दिसला. ह्यांनी कळ शून्यावर आणली, केबल ओढून काढली आणि खाली जाऊन स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी फळीवर बसून रडले आणि रडताना मला माझाच इतका राग आला, की दिवा विझवून टाकावा असं वाटलं. विझवला नाही.

रविवारी सकाळी हे पंचशीलला घेऊन आले. पंचशील मिलमध्ये ह्यांच्या हाताखाली वायरमन होता. वडील महूला फौजेत होते, त्यामुळे बूट चकचकीत आणि बोलणं सरळ. मिल बंद झाल्यावर छत्रीबागेत टीव्ही दुरुस्तीची टपरी टाकली आणि बरी चालवली. त्याने टीव्हीचं पाठचं झाकण काढलं, टॉर्च मारली, नाकाने वास घेतला.

"भिया, पावर सप्लायचा सेक्शन उडालाय. बाकी सेट सलामत आहे. पार्ट माझ्याकडे आहे, पण एकच पीस. फ्रीजची फक्त रिले गेलीय, ती होऊन जाईल. बॅटरीचं मात्र राम नाम सत्य." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, मन छोटं नका करू. परसों माझी आईपण टपरीवर आली आणि दिवे लागले तशी उठून बूस्टर शोधायला लागली."

मला हसू आलं, कालपासून पहिल्यांदा.

दुपारपर्यंत त्याने सगळं बसवलं. पण हे केबल लावायला निघाले तसा तो आडवा आला.

"ह्या लाइनवर नाही हं भिया. दोन तास तरी सेट चालवून बघायला पाहिजे, आणि दोनशे सत्तरवर मी नवा पार्ट नाही चालवणार. पुन्हा उडाला तर कल मंडेला कुठून आणू? शरच्चंद्रजींनी सेट बसला जखडून सील मारलंय, काढून टपरीवर नेता येत नाही. बस माझ्या गल्लीत घुसत नाही." त्याने फळ्यावरचा काटा बघितला. "पण एक बात सांगा, एवढं हाय येतंच कसं? वीज बोर्डाची लाइन तर बाहेर लोकांना दोनशेसुद्धा नाही देत. टॅप कितीवर आहे?"

हे बॅटरीचं झाकण उघडून बघत होते. बघतच राहिले.

"भिया, टॅप?"

"पाच," हे म्हणाले.

पंचशीलने टॉर्च विझवली. "अजून पाच?"

"टॅप म्हणजे काय?" मी विचारलं. दोघांनीही बॅटरीत डोकं घातलं. "मी काय विचारतेय? टॅप म्हणजे काय?"

शेवटी पंचशीलनेच सांगितलं. सबस्टेशनातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला एक दांडा असतो, एक ते पाच नंबरांचा. नंबर वर नेला की खाली येणारं व्होल्टेज वाढतं. मिल पूर्ण चालू असताना तो पाचवर ठेवायचे, म्हणजे सगळे लूम लागले तरी त्यांच्यापुरतं व्होल्टेज टिकायचं. आता लूम नाहीत आणि दांडा पाचवरच. म्हणून सगळीकडे दोनशे सत्तर. दोनवर आणला की झालं.

"किती वेळ लागतो आणायला?"

"लाइन पाडून, आणून, पुन्हा चालू करायला… अर्धा तास," पंचशील म्हणाला. मग त्याने घाईघाईने पिशवी उचलली. "मी संध्याकाळी येतो, भिया."

तो गेला आणि मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अर्धा तास? तीन वर्षं लोकांचे बल्ब फुटताहेत, सखुबाईंचा रेडिओ गेला, बिचारी भजनं ऐकायची त्यावर. घरोघरी फिरून चिकटपट्ट्या मारत होतात, चहा घेत नव्हतात, मला वाटलं माणूस देव आहे! आणि अर्ध्या तासाचं काम? किल्ली तुमच्याकडेच ना?"

"किल्ली माझ्याकडेच."

"मग?"

"जयसिंगरावांनी सांगितलं होतं," हे म्हणाले. "मिल बंद झाली त्या दिवशी. म्हणाले, पंधरा दिवसांची बात आहे दिनानाथ, सुरू होईल तेव्हा एकदम सगळ्या लूमचा लोड येईल, टॅप हलवू नकोस. रजिस्टरमध्ये लिहून दिलंय. लेखी हुकमाशिवाय बदलू नये."

जयसिंगराव म्हणजे मिलचे चीफ इंजिनियर. मिल बंद झाल्यावर बडोद्याला मुलाकडे गेले आणि दुसऱ्याच वर्षी वारले. हे तेराव्याला जाऊन आले होते. म्हणजे हुकूम द्यायला माणूसच उरला नव्हता आणि हे हुकमाची वाट बघत होते. ह्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. 'उतर' म्हणून कोणी सांगायला विसरलं म्हणून अख्खी रात्र घोड्यावर बसून राहिले, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. मला त्यात कौतुकासारखं काय आहे ते कधी कळलं नाही. त्या दिवशी तर मुळीच कळलं नाही.

"माणूस गेला हो," मी म्हटलं. "मिल गेली. लूम भंगारवाल्याने ट्रकात घालून नेले, तुम्ही बघत उभे होतात."

"सगळे नाही नेले. दोन खाती बाकी आहेत."

"अहो!"

मग ह्यांनी मान वर केली. "टॅप खाली आणला ना मनोरमा, तर मिल बंद झाली असं मीच बोलल्यासारखं होईल. कोर्टाने म्हटलं, मालकाने म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. मी अजून नाही म्हटलं."

मला वाटत होतं की आम्ही दोघं एकाच भिंतीत अडकलोय आणि मी ओढतेय, हे माझ्याबरोबर येताहेत. पण ह्यांच्या भिंतीची किल्ली ह्यांच्याच खिशात होती. रात्रंदिवस त्या फळ्यासमोर बसणं, केबल, रिले, फ्यूज, सगळं कशासाठी, तर तो एक दांडा हलवावा लागू नये म्हणून. मला राग आला होता, आणि रागात ह्यांची इतकी दयाही आली की मी तिथून निघून फाटकाबाहेर दहा पावलं चालून आले.

परत आले तेव्हा हे सबस्टेशनाच्या पायरीवर बसले होते. कुलूप उघडलेलं, दार बंद. उन्हं उतरेपर्यंत तसेच बसले. पंचशील आला, त्याने लांबूनच बघितलं आणि बसमध्ये जाऊन बसला. उद्या पाच वाजता फाटक लागणार होतं आणि आमच्याकडे एक दुरुस्त केलेला, कोणी चालवून न बघितलेला टीव्ही होता.

शेवटी मीच दार ढकललं. आत कबुतरांची घाण आणि तेलाचा वास. ट्रान्सफॉर्मर मंद घुमत होता. टेबलावर ते रजिस्टर, वर कापड झाकलेलं, कापड मात्र धुतलेलं. एका पानावर जयसिंगरावांचं वळणदार अक्षर, खाली सही, आणि तिथून पुढे पानोपानी तीन वर्षं ह्यांनी रोज घातलेली एकेक ओळ. तारीख, व्होल्टेज, टॅप पाच. तेराव्याला बडोद्याला गेले तो दिवस सोडला, तर खाडा नव्हता. कीर्तीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, एकुलत्या एका मुलीच्या, हे सकाळी इथे येऊन गेले होते.

मी दोरीला बांधलेलं पेन घेतलं. माझं अक्षर मुळातच वाईट, सातवीनंतर पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण लिहिलं, 'टॅप दोनवर घ्यावा.' खाली पूर्ण सही केली, मनोरमा दिनानाथ.

"हा घ्या," मी म्हटलं. "लेखी आहे."

हे जवळ आले. चष्मा लावून वाचलं, जणू खरंच साहेबांचा कागद होता. मग हसले, आणि हसता हसता ह्यांचे डोळे भरून आले. दोन्ही गोष्टी मी ह्यांच्या तोंडावर एकत्र कधी बघितल्या नव्हत्या. ह्यांनी चष्मा पुसला, माझ्या सहीखाली वेळ घातली आणि मला बाहेर व्हायला सांगितलं.

आधी लाइन पाडली. सगळ्या घरांत अंधार झाला, कोणीतरी "गई!" म्हणून ओरडलं. आतून दांड्याचा करकर आवाज आला, गंज चढलेला होता. थोड्या वेळाने लाइट आली.

लाइट आली, पण पिवळी. तीन वर्षांच्या त्या पांढऱ्याफटक उजेडानंतर घराघरांतून जुना, शांत, पिवळा उजेड आला. तिन्हीसांजच होती, देवापुढे दिवे लागत होते. मी बाहेर उभी राहून बघत होते, आणि मला आधी लक्षातच आलं नाही की काय होतंय. एका घराचं दार उघडलं. मग दुसऱ्या. बायका दारात आल्या, हातात काडेपेटी तशीच. कोणीतरी मिलकडे कान देऊन उभं राहिलं. मग मुलं पळत सुटली, पुरुष बनियनवर बाहेर आले, आणि सगळे सबस्टेशनाकडे यायला लागले. सगळ्यात पुढे सखुबाई, सत्तर वर्षांच्या, नवरा मिलमध्येच वारलेला. चप्पल न घालताच आल्या होत्या.

"दिना! अरे दिना! लाइट पिवळी झाली! मिल चालू हुई का रे?"

मागे सगळे तेच विचारत होते. एक जण म्हणाला, लूम लागल्याशिवाय व्होल्टेज बसत नाही. दुसरा म्हणाला, मी तर बूस्टर चढवून आलो. हे आपल्या मनाशी जे कबूल करायला तयार नव्हते, ते आता उरलेल्या सगळ्या घरांना सांगायचं होतं. मला वाटलं हे आत जातील आणि दांडा पुन्हा पाचवर नेतील. मी दारात आडवी उभी राहिले.

हे आत गेले नाहीत. पायरीवर आले.

"नाही काकू," हे म्हणाले. "मिल चालू नाही झाली. मी टॅप खाली आणला." मग मोठ्याने म्हणाले, "मिल बंद झालीय. आता चालू नाही होणार. टॅप मी आधीच उतरवायला पाहिजे होता. तुमचे रेडिओ, पंखे, सगळं माझ्यामुळे जळलं."

कोणी ओरडेल असं वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. माणसं उभी राहिली, मग एकेक करून वळायला लागली. सखुबाई तशाच उभ्या होत्या.

"मग बूस्टर काढून टाकू का रे?" त्यांनी विचारलं.

"काढा काकू. आता लागणार नाही."

त्या मान हलवत गेल्या. त्या रात्री बसमध्ये टीव्ही सलग दोन तास चालला, पंचशीलने घड्याळ लावून बघितला, आणि काटा दोनशे तीसवर खिळ्याने ठोकल्यासारखा राहिला. ह्यांनी एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

सोमवारी बॅटऱ्या गेलेल्या, बस सुरू होईना. चार वाजले होते आणि कोर्टाचा माणूस लाख आणि मेणबत्ती घेऊन फाटकाशी उभा होता. मी खाली उतरून नुसतं बघितलं, आणि घराघरांतून लोक आले. ज्यांच्या घरचं काही ना काही जळलं होतं तेच सगळे. पंचशीलने "जोर लगा के" म्हटलं आणि बस पिंपळाखालून हलली, फाटकाच्या दहा हात आधी इंजिनाने खोकून धूर सोडला आणि आम्ही बाहेर पडलो. सखुबाईही धक्का मारायला होत्या. धक्का काय, नुसता हात लावला होता. मागून फाटक लावल्याचा आवाज आला तेव्हा मी वळून बघितलं. ह्यांनी बघितलं नाही, दोन्ही हात स्टीयरिंगवर घट्ट धरले होते.

मंगळवारी संध्याकाळी हातोदला बाजार उठत आला होता. बसभोवती अजून माणसं होती, मुलं गार पाण्यासाठी तिसऱ्यांदा रांगेत लागत होती. शेजारी आटाचक्कीचा पट्टा फटफटत होता, पलीकडे कोणीतरी वेल्डिंग करत होतं, शेतांकडून पंपांचा आवाज येत होता. आमच्या फळ्यावरचा काटा एकशे ऐंशीवर लोळत होता आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आखडलं होतं. मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. हात आपोआप बूस्टरकडे गेला आणि मध्येच थांबला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दारात उभे राहून त्या चक्कीचा आवाज ऐकत होते.

"चढव," हे म्हणाले. "इथे लोड आहे."